बाजारतळ सुधारेल, पण गुरुवारचं काय?

एका तालुक्याच्या गावातून वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून सारांश असा: बाजारतळासमोर त्यांचं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. गाळा भाड्याचा, करार अकरा महिन्यांचा. आठवडा बाजार उठल्यावर मागे राहणारा चिखल, सडका भाजीपाला, मोकाट जनावरं आणि पिंपळाच्या पाराभोवतीचा कचरा यांना कंटाळून तीन वर्षांपूर्वी त्यांनी दहा-बारा जणांना गोळा करून नागरिक मंच काढला. रविवारी सकाळी खराटे घेऊन तळ झाडला, पार रंगवला, सह्या जमवल्या, नगरपरिषदेत खेटे घातले. अखेर सुशोभीकरणाचा निधी मंजूर झाला. आराखड्यात पेव्हर ब्लॉक, चारही बाजूंनी संरक्षक भिंत, कारंजं, गावाच्या नावाची दिव्यांची अक्षरं आणि सेल्फी पॉइंट आहे. गुरुवारचा बाजार मात्र बायपासजवळच्या मोकळ्या जागेत हलवायचा आहे. काम सुरू व्हायच्या आधीच घरमालकांनी भाडं सहा हजारांवरून साडेनऊ हजार करायचं बोलून दाखवलं. आणि बाजारात बसणाऱ्या एका मावशींनी त्यांना विचारलं, "आम्हाला उठवायचा अर्ज तुम्हीच दिला होता ना?" तेव्हापासून त्यांचं मन थाऱ्यावर नाही. मंचातले सहकारी म्हणतात, गाव सुधारायचं तर कुणाला तरी झळ बसणारच. ताई विचारतात: राजीनामा देऊ, कामाला विरोध करू, की गप्प बसू?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही लिहिलंय, "गुरुवारी गल्ला इतर दिवसांच्या दुपटीहून जास्त होतो, पण त्या दिवशी दुकानासमोर पाय ठेवायला जागा नसते." तुम्ही हे बाजाराची तक्रार म्हणून लिहिलंत. मला वाटतं, तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर याच वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मागे माहेरी गेले होते तेव्हा तिथल्या आठवडा बाजारात एका आजींजवळ अख्खा दिवस बसले होते. सकाळी सातच्या एसटीनं त्या आल्या. गोणपाट अंथरलं, मेथीच्या जुड्या देठ आत करून गोल रचल्या, तांब्यातलं पाणी हातानं शिंपडलं. सकाळी दहा रुपयांना एक जुडी, दुपारी चारनंतर पंधरा रुपयांना दोन. शेवटच्या तीन जुड्या त्यांनी चहावालीला दिल्या, दिवसभराच्या चहाचा हिशेब म्हणून. स्वतः मात्र त्या दिवसभर पाणी जवळजवळ प्यायल्याच नाहीत, कारण बायकांना जायला जागा नव्हती. पाच वाजता गोणपाट झटकून उठल्या आणि मी त्यांच्या मागोमाग फिरले. बीपीच्या गोळ्यांची पट्टी, नातवाला कंपासपेटी, अर्धा किलो फरसाण, सुनेसाठी ब्लाउजपीस. कमाईतले निम्म्याहून जास्त पैसे त्याच चौकात खर्चून त्या एसटीत चढल्या.

कंपासपेटी ज्या दुकानातून घेतली ते दुकान तुमच्यासारखंच होतं.

म्हणून पहिली गोष्ट. बाजारतळासमोरच्या गाळ्याला भाव आहे तो तिथे दर आठवड्याला शे-दोनशे विक्रेते आणि वाड्या-वस्त्यांवरची हजारो माणसं येतात म्हणून. जागेची किंमत जागेत नसते, तिथे येणाऱ्या माणसांच्या पायांत असते. घरमालक साडेनऊ हजार मागताहेत ते कारंज्याच्या भरवशावर. पण कारंजं बघायला आलेला माणूस वही घेत नाही. बाजार बायपासला गेला तर भाडं वाढलेलं आणि गल्ला घटलेला, अशा कात्रीत पहिल्या तुम्हीच सापडाल. म्हणून मावशींची बाजू घेणं आणि तुमच्या दुकानाचं हित पाहणं या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. अपराधीपणाचं ओझं थोडं खाली ठेवा आणि हिशेबाला बसा. हिशेब तुमच्या बाजूचा आहे.

आता तुमच्या पत्रात गृहीत धरलेल्या काही गोष्टींबद्दल बोलते.

बाजारामुळे घाण होते, असं तुम्ही म्हणता. बाजार उठल्यावर घाण राहते हे खरं. पण बाजारात बसणारी प्रत्येक बाई दर गुरुवारी पावती फाडते. बहुतेक गावांत बाजार फी वसुलीचा ठेका दरवर्षी लिलावानं जातो आणि ती रक्कम नगरपरिषदेच्या तिजोरीत जमा होते. तुमच्या गावचा ठेका गेल्या वर्षी कितीला गेला? त्यातले किती रुपये गुरुवारी रात्रीच्या झाडलोटीवर, पाण्याच्या टाकीवर, दिव्यांवर खर्च झाले? माहितीच्या अधिकारात हे दोन आकडे मागवा. विक्रेते स्वच्छतेचे पैसे वर्षानुवर्षं भरत आले असतील आणि स्वच्छता मिळत नसेल, तर दोष बाजाराचा कसा? रविवारी खराटा घेऊन तुम्ही जे काम केलंत ते मनापासूनचं होतं, त्याला नावं ठेवायची माझी तयारी नाही. पण ज्या कामाचे पैसे आधीच घेतले गेलेत ते काम तुम्ही फुकट करून दिलंत, एवढं लक्षात घ्या.

दुसरं गृहीतक तुमच्या सहकाऱ्यांचं आहे: भाडी वाढली, जमिनीचे भाव चढले, म्हणजे गाव सुधारलं. याच ठिकाणी भल्या भल्या उपक्रमांचा हिशेब चुकतो. श्रम कुणी केले आणि वाढलेला भाव कुणाच्या खिशात गेला, या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून बघा. तळ झाडणारे तुम्ही, सह्या गोळा करणारे तुम्ही, निधी जनतेच्या करातला. आणि फायदा समोरच्या गाळ्यांच्या मालकांना, ज्यांच्यातले कितीतरी जण पुण्या-मुंबईला राहत असतील. नगरपरिषदेलाही त्यातला वाटा लगेच मिळत नाही, दर चार वर्षांनी होणारी मालमत्ता कराची नवी आकारणी येईपर्यंत थांबावं लागतं. विक्रेत्यांच्या वाट्याला बायपास.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर 1990 नंतर गावानं श्रमदान केलं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, पाणी अडवलं, पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. हे सगळे सांगतात. त्या गावानं घेतलेला आणखी एक निर्णय मात्र भाषणांत क्वचित येतो: गावातली जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही. मला तो निर्णय बंधाऱ्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. पाणी आलं की जमिनीचा भाव वाढतो, भाव वाढला की विकत घेणारे येतात, आणि ज्यांनी घमेली उचलली ते स्वतःच्याच गावात उपरे होतात. हिवरे बाजारनं श्रमाचं फळ श्रम करणाऱ्यांच्या पदरात राहील याची तजवीज आधीच केली. शहरवजा गावात जमीन विकण्यावर अशी बंदी घालता येत नाही, आणि तो माझा आग्रहही नाही. पण 'वाढलेला भाव कुणाला मिळणार?' हा प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारायचा असतो, हे त्यांच्याकडून जरूर घ्यावं.

आता भिंत आणि कारंजं. इथे मी जरा आग्रहानं बोलणार आहे.

न्यूयॉर्कमध्ये भर शहरात ब्रायंट पार्क नावाची बाग आहे. 1970-80च्या दशकांत तिथे अमली पदार्थांचा धंदा चाले, सभ्य माणूस आत पाऊल टाकत नसे. विल्यम व्हाइट या अभ्यासकानं, लोक मोकळ्या जागांमध्ये कुठे आणि का बसतात, हे वर्षानुवर्षं तासन् तास उभं राहून टिपलं होतं. त्यानं तिथलं दुखणं सांगितलं: बाग रस्त्यापासून तुटलेली होती. कुंपण आणि दाट झुडपं यांच्यामुळे बाहेरून आतलं दिसत नव्हतं, म्हणून आत भीती होती. बाग 1988मध्ये बंद झाली आणि 1992मध्ये पुन्हा उघडली तेव्हा झुडपं गेली होती, वाटा मोकळ्या झाल्या होत्या आणि हव्या तिथे ओढून नेता येतील अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या होत्या. खाण्यापिण्याची छोटी दुकानंही आली. आणि रोजच्या देखभालीचा खर्च? आसपासच्या इमारतींच्या मालकांवर त्यासाठी वेगळी आकारणी बसवली, कारण बाग सुधारल्यानं भाव त्यांच्या इमारतींचे वाढणार होते. तिथेही महाग इमारतींना आणखी महाग करण्याचा दोष आहेच, ती बाग म्हणजे काही आदर्श गाव नव्हे. पण ज्याचा भाव वाढला त्यानं खर्चाचा वाटा उचलावा, ही रीत सरळ आहे.

इतकं लांब जायचीही गरज नाही. दादरच्या शिवाजी पार्काला भोवतीनं बसका कट्टा आहे, किलोमीटरहून लांब. तीच त्या मैदानाची हद्द आणि तेच बसायचं ठिकाण. क्रिकेटचा सराव बघणं, म्हाताऱ्यांच्या गप्पा, परीक्षेआधीची घोकंपट्टी, सगळं त्या कट्ट्यावर चालतं. तिथे कट्ट्याऐवजी आठ फुटांची भिंत असती तर मैदान तेवढंच राहिलं असतं, पण शिवाजी पार्क झालं नसतं. तुमच्या आराखड्यातली संरक्षक भिंत कशाचं संरक्षण करणार आहे, हे एकदा सभेत विचारा. तिच्या निम्म्या खर्चात गुडघ्याएवढा कट्टा होईल. गुरुवारी त्यावर पाट्या टेकतील, इतर दिवशी माणसं टेकतील.

कारंज्याबद्दल एवढंच सांगते. निधी येतो तो बांधकामाला. मोटारीचं वीजबिल, माळ्याचा पगार, तुटलेल्या फरशा, हे पुढच्या प्रत्येक वर्षी नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून जातं. उद्घाटनानंतर दोन पावसाळ्यांत कोरडं पडलेलं, तळाशी शेवाळ आणि गुटख्याच्या पुड्या साचलेलं कारंजं मी इतक्या गावांत पाहिलंय की आता आराखड्यात 'कारंजं' शब्द दिसला की पोटात गोळा येतो. बाजार हलवला तर बाजार फीचं उत्पन्नही घटू शकतं. म्हणजे खर्च वाढणार आणि तो भागवणारं उत्पन्न कमी होणार. मुख्याधिकाऱ्यांना हा मुद्दा भावनेपेक्षा लवकर पटेल. तोच पुढे करा.

कुणी म्हणेल, भिलारसारखं काहीतरी करू या. साताऱ्यातलं भिलार 4 मे 2017 रोजी 'पुस्तकांचं गाव' झालं, सुरुवातीला 25 ठिकाणी पुस्तकं मांडली गेली. कल्पना सुंदरच आहे. पण त्यामागचा व्यवहार पाहा. गाव पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेजवळ आहे, पर्यटक आधीच त्या बाजूनं येत होते. स्ट्रॉबेरीची शेती आधीपासून होती. पुस्तकं गावकऱ्यांच्या घरांत, मंदिरांत, शाळेत ठेवली, त्यामुळे पाहुणा आपोआप कुणाच्या तरी ओसरीवर येऊन बसतो आणि जेवायची-राहायची सोय विचारतो. तिथे गावाकडे जे होतं त्यातच भर घातली गेली. तुमच्या गावाकडे काय आहे? तुमच्याकडे गुरुवार आहे. त्याच्यात भर घाला.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येते. राजीनामा दिलात तर तुमच्या मनाला बरं वाटेल, पण आराखडा तसाच पुढे जाईल आणि मंचात गुरुवारचा विचार करणारं कुणी उरणार नाही. सरसकट विरोध केलात तर निधी परत जाईल, चिखल तसाच राहील, आणि 'आधी मागितलं, मग अडवलं' हा शिक्का तुमच्यावर बसेल. गप्प बसणं तुमच्यानं होणार नाही, नाहीतर पत्रच लिहिलं नसतंत. माझं मत असं: निधी राहू द्या, आराखडा बदलून मागा. हे कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा कागद, निघायच्या आधी करायला हवं. एकदा ठेकेदाराची खडी येऊन पडली की कुणी ऐकत नाही.

त्यासाठी येणाऱ्या दोन-तीन गुरुवारी मोजणी करा. मंचातल्या चौघांनी सकाळी सात ते संध्याकाळी सात वाटून घ्यायचं. विक्रेते किती, बायका किती, कोणत्या गावाहून आल्या, किती वर्षांपासून बसतात, तासाला किती गिऱ्हाईक येतं. समोरच्या वीसेक दुकानदारांना गुरुवारचा आणि बुधवारचा गल्ला विचारा. नेमका आकडा सांगणार नाहीत, 'दीडपट, दुप्पट' एवढं सांगतील, तेवढं पुरे. सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा हा एक कागद सर्वसाधारण सभेत जड पडेल. आणि दुकानदार आपणहून तुमच्या बाजूला येतील, कारण गुरुवार गेला तर आपलं काय जातं हे त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं असेल.

कायद्याचा आधारही आहे. पथविक्रेता कायदा 2014 साली झाला, तो नगरपरिषदेला लागू आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समिती हवी आणि तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी हवेत, त्यांतल्या एक तृतीयांश महिला. विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही, आणि हलवायचं झालं तरी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. 50 वर्षांहून जुन्या बाजाराला वारसा बाजार म्हणून जाहीर करावं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही त्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. तुमचा गुरुवारचा बाजार किती जुना? गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, जुन्या बाजार पावत्या किंवा ठराव सापडतात का बघा. तुमच्याकडे समिती नेमली आहे का, सर्वेक्षणात आठवड्याला एकदाच येणाऱ्यांची नोंद झाली आहे का, हे लेखी विचारा. कोर्टात जायच्या इराद्यानं नव्हे, सभेत बोलताना पाय घट्ट असावेत म्हणून.

बदललेल्या आराखड्यात काय मागायचं? माझ्या मते सगळ्यात आधी बायकांसाठी स्वच्छतागृह, पाणी असलेलं आणि गुरुवारी दिवसभर उघडं. त्या आजी आठवा. जिला पाणी प्यायची भीती वाटत नाही ती दोन तास जास्त बसते, दोन तास जास्त विकते, आणि तिचे पैसे तुमच्याच चौकात फिरतात. दिव्यांच्या अक्षरांचा खर्च इकडे वळवा. मग पाणी वाहून जाईल असा उतार आणि गटार, थोडे ओटे, पाराच्या बाजूनं सावली. ओटे मागा, गाळे नकोत. गाळे लिलावात जातात आणि जास्त बोली लावणाऱ्याकडे जातात, ओट्यावर रोजची पावती फाडून कुणीही बसू शकतं. इतर सहा दिवस तोच तळ मुलांना खेळायला आणि संध्याकाळी बसायला मोकळा. बायपासची जागा हातची जाऊ द्यायची नसेल तर तिथे जनावरांचा बाजार किंवा ट्रकचा तळ न्या. आणि देखभालीसाठी बाजार फीतला ठरलेला हिस्सा या तळावरच खर्च करायचा, असा ठराव करून घ्या.

शहरातल्या सोसायटीलगतचा मोकळा भूखंड सुधारू पाहणाऱ्यांची, गावच्या तळ्याकाठी बाक बसवू पाहणाऱ्यांचीही पत्रं मला येतात. त्यांनाही माझं हेच सांगणं राहील: पैसे ओतायच्या आधी त्या जागेवर आज कोण येतं ते मोजा. इस्त्रीवाला, फुलवाली, शेजारच्या वस्तीतली क्रिकेट खेळणारी पोरं. मग थोडक्यात करून बघा. चार खुर्च्या, एक दिवा, महिनाभर. लोक बसले तर पक्कं बांधा. नाही बसले तर खुर्च्या उचलता येतात, काँक्रीट उचलता येत नाही.

तुमच्या भाड्याचं राहिलं. घरमालकांशी भांडू नका, पण अकरा महिन्यांच्या चक्रातून बाहेर पडायचा प्रयत्न करा. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे, तुमचा तसा आहे का ते आधी पाहा. मग तीन किंवा पाच वर्षांचा करार मागा, दरवर्षीची वाढ त्यातच ठरवून. तुमच्या गाळ्याला भाडे नियंत्रण कायदा लागू होतो का, हे एखाद्या स्थानिक वकिलाला विचारा, कारण तो सगळीकडे सारखा लागू नाही. आणि समोरच्या रांगेतल्या बाकी भाडेकरूंशी बोला. एकटीनं गेलात तर साडेनऊ हजारांचं आठ हजार होईल. सहा-सात जण मिळून गेलात तर मालकांनाही कळेल की बाजार हलला आणि गाळे रिकामे पडले तर तोटा त्यांचाही आहे. कदाचित पुढच्या सभेत तेच तुमच्या बाजूनं उभे राहतील.

शेवटी त्या मावशी. त्यांनी विचारलं ते खरंच होतं. अर्ज तुमचा होता आणि तो लिहिताना तुम्ही त्यांना विचारलं नव्हतं. हे त्यांना सरळ सांगा, चुकलं म्हणा. मग त्यांना मंचाच्या सभेला बोलवा, पण तुमची सभा रविवारी सकाळी असते आणि त्या गावात असतात गुरुवारी. म्हणून पुढची सभा गुरुवारी ठेवा, दुपारी अडीचच्या सुमाराला, पाराखाली. तेव्हा गिऱ्हाईक जरा विरळ असतं आणि शेजारणीला गोणपाटावर लक्ष ठेवायला सांगून अर्धा तास येता येतं. आराखड्याचा कागद मोठा करून न्या. झेरॉक्स तर तुमच्याच दुकानात आहे.